एकादशीची मात्रा

मास्तर, आज एकादशी आहे आणि मी उपाशीच दवाखान्यात बसून तुम्हाला लिहितो आहे.

त्या वर्षी तुम्ही आणि काकू साखरखेर्ड्याच्या बाजूनं बैलगाडीत आलात, भर उन्हात तुमच्या अंगावर दोन गोधड्या. दिवसाआड थंडी भरायची, मग अंग भाजायचं, मग घाम सुटून तुम्ही मोकळे. डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली बोटं दाबली, मलाही दाबायला लावली. वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागली. हिवतापच. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन जिल्ह्याला पाठवला, पण उत्तराची वाट न पाहता नागपूरहून येणारं सरकारी क्विनाइन सुरू केलं. ताप नसेल त्या दिवशीही मात्रा चुकवायची नाही, असं त्यांनी मला बजावलं. कंपाउंडर मी, पाजायचं काम माझं. पहिल्या घोटालाच तुम्ही तोंड वाकडं केलंत. "पाढे चुकले म्हणून छडी मारली, त्याचा सूड घेऊन राह्यला काय बे?"

चौथ्या दिवशी एकादशी आली. तुम्ही त्या दिवशी पाणीही घेत नसा. ताप नव्हता, दवाखान्यामागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. काकू विहिरीवर गेल्या होत्या. मी पेला पुढे केला.

"एकादशीले चालते काय रे हे?"

ज्यांच्याकडून उपास धरायला शिकलो, त्यांना तो मोडा म्हणायला माझी जीभ उचलेना. "आज ताप कुठी आहे? उद्या पारणं झाल्यावर घ्या, मास्तर."

द्वादशीला ताप वेळेआधीच आला. नैवेद्य अजून चुलीवर होता. तुम्ही मला ओळखलं नाहीत, आणि दुपार कलताना गेलात. डॉक्टरांनी बाटली उचलून कागदी पट्टीवरच्या खुणा पाहिल्या. कालची मात्रा तशीच होती. मी म्हणालो, मास्तरांनी नको म्हटलं. काकूंनी ते ऐकलं. एका मात्रेनं वाचले असते की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर पुढे म्हणाले. पंचवीस वर्षं झाली, मला तेवढं पुरत नाही.

आज सकाळी तापानं लटपटणारा एक शेतकरी उपास आहे म्हणून औषध नको म्हणत होता. पाप लागलं तर मले लागू दे, म्हणून मी पेला त्याच्या ओठाला लावला. काकू अजून बायांना अभिमानानं सांगतात, जीव गेला पण त्यांनी एकादशी मोडली नाही. त्यांना वाचता येत नाही. लेकीची पत्रं मीच वाचून दाखवतो. हे दाखवणार नाही, पोथीत ठेवतो.

तुम्ही नको म्हटलं नव्हतं, मास्तर. तुम्ही मला विचारलं होतं.