तुझे ट्रक कुणी काढले

१४ मार्च, जेवणाची सुट्टी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कारखान्यात लेथपुढे उभं राहायला नाही म्हणत नाही. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. डबा बाजूला सारून लिहायला बसलेय.

मावशी म्हणाली, तू पुन्हा उतारावर जायचं म्हणतेस, स्केटबोर्डासाठी ट्रक शोधतेस. म्हणून काल मीच दुकानात गेले. हसू नकोस. पूर्वी तू "ट्रक बदलायचेत" म्हणालीस की माझ्या डोळ्यांपुढे मालवाहू गाडीच यायची! आता कळतं, बोर्डाखाली चाकं धरून ठेवणारा तो आस.

दुकानदाराने एक चकचकीत जोडी पुढे केली. मी व्हर्नियर लावून माप घेतलं, आस फिरवून पाहिला.

"बाई, हे खेळणं नाही."

"म्हणूनच बघतेय. हा ओतीव आहे, वर आस केसभर वाकडा. याच्या भरवशावर माझी मुलगी डोंगर उतरणार आहे."

त्याने आतली पेटी काढली. त्यातली अखंड धातूतून कापलेली जोडी मी घेतली. पुढचा पन्नास अंशांचा, मागचा तीसचा. मागचा कमी वळला की वेगात बोर्डाचं शेपूट थरथरत नाही.

हे मला कुणी शिकवलं, विचारशील. तिथेच माझी गाडी अडते.

तुझ्या मैत्रिणीने. हो, तिनेच. जिच्याशी तू दोन वर्षं बोलत नाहीस.

ठमे, त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझे ट्रक तिने नाही काढले. मी काढले. त्याच आठवड्यात तुला न सांगता मी तुझा सराव बघायला उताराच्या वळणावर येऊन उभी होते. बोर्ड तुझ्या पायाखाली थडथड उडत होता. कठड्याला घासून पडलीस आणि उठून चक्क हसलीस. शर्यतीच्या आदल्या दिवशी तू बाहेर असताना आठही नट सोडवले आणि ट्रक कारखान्याच्या भंगारात टाकले.

"आपल्या दोघींशिवाय घराची किल्ली फक्त तिच्याकडे होती!" म्हणून तू ओरडलीस. तिला चोर म्हणालीस. मी भाजी चिरत राहिले.

गेल्या रविवारी तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ती चाकांची बेअरिंग धूत बसली होती.

"मला तेव्हाच कळलं होतं, काकू. एकाही बोल्टाला ओरखडा नव्हता. इतका सफाईचा हात तुमचाच."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तिने विचारलं कुठे? थेट चोरच ठरवलं. आणि तिला आई एकच आहे."

तिने हात पुसले, कागदावर कोन लिहून दिले. दुकानात मात्र आली नाही. माफ केलं का, हे ती बोलली नाही आणि विचारायचं मला धैर्य झालं नाही.

नवी जोडी तिच्याकडेच ठेवलीय. माझ्यापाशी ठेवायला माझाच माझ्यावर विश्वास बसेना. घ्यायला तू स्वतः जा. तिच्यापुढे मान खाली घालावी लागेल, ती माझ्यामुळे, हे तिला सांग. माझ्याकडे यायचं की नाही, ते मग ठरव.

भोंगा झाला. हे पाकीट आताच टाकते, नाहीतर हेही फाडीन.

तुला पडताना पाहून भ्यायलेली, आणि त्याहून जास्त तुझ्या उत्तराला भिणारी,
तुझी आई