समुद्र नसलेल्या देशाला जायचंय

८ फेब्रुवारी
बोलिव्हिया! नकाशात मी आधी आफ्रिकेत शोधला. सापडला दक्षिण अमेरिकेत, चारही बाजूंनी जमीन. आमच्या वरच्या खोलीत उतरलेली पुण्याची तेजस्वी काल जेवताना सांगत होती — पाठीला सॅक, एसटीसारख्या बस, बाजारात जेवण, आठजणींच्या खोलीत एक खाट. अशी महिनाभर फिरली म्हणे, तेही स्वस्तात. मी ऐकत भाकऱ्या थापत होते. विनेशचा हात मात्र ताटात थांबला. "समुद्र न्हाय? आनि नौदल हाय?" तेजस्वी म्हणाली, तळ्यात बोटी चालवतात! हसून हसून ठसका लागला त्याला. दिवाळीपासून माझा नवरा असा हसला नव्हता.

११ फेब्रुवारी
विनेश म्हणाला, "जाऊ या." मला वाटलं, बोर्लीच्या बाजाराला. बोलिव्हियाला!!

२ मार्च
जून-जुलै ठरलं. तेव्हा मासेमारीला बंदी, होडी किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारलेली — एवढी सुट्टी कलेक्टरला पण नसते. विमानाचं माझ्या भिशीतून, पुढे सगळं बसने.
पण माझं डोकं भणाणलंय. व्हिसाचं एक म्हणतो तिथे गेल्यावर देतात, दुसरा म्हणतो आधीच घ्या. गावं इतकी उंचावर की नुसतं चालून धाप लागते. मधेच लोक आंदोलनात रस्ता अडवतात, मग सामान घेऊन चालायचं नि पलीकडची बस धरायची. त्याचं काही नाही, डोक्यावर टोपली घेऊन चालतेच आहे जन्मभर. पण भाषा? "आगुआ" म्हणजे पाणी, एवढंच पाठ झालंय. विनेशला तिथलं मिठाचं वाळवंट बघायचंय. समुद्राशिवाय मीठ!
एवढ्या जगात हाच देश का? विचारलं तर जाळं सांधत बसला.

१९ मार्च
आज कळलं, जूनमध्ये तिथे कडाक्याची थंडी! पाऊस नाहीच! आणि आम्ही दोन रेनकोट घेतले, वर सॅकला ताडपत्रीची खोळ शिवून आणली. जून म्हणजे पाऊस, त्यात विचारायचं काय — दोघांनाही तेच वाटलं.
सासूबाईंना हसू आलं नाही. "थंडी हाय तर सुके बोंबील न्या. भाजाया निखारा तरी मिलल ना?" बसमध्ये वास सुटेल म्हटलं, तर रुसल्या.

२७ मार्च
शेवटी बोलला. बंदरावर मासळी निवडताना, माझ्याकडे न बघता. "दोन महिने दर्या दिसला न्हाय तर मी ऱ्हातो का, ते बघायचंय. ऱ्हायलो तर होडी इकू."
सासऱ्यांची होडी विकायची! मासळी घटली ते मला दिसत नाही का? पण होडी? मी टोपली उचलली नि चालू लागले. राग आलाय की रडू, तेच कळेना.

८ एप्रिल
दर्याशिवाय राहायची रंगीत तालीम! सध्या भांग आहे, म्हणजे अष्टमीची मंद भरती, पाण्याला ओढ नाही, होडी तशीही बंदरातच. बोर्ली पंचतनहून एसटी, मग बदलत बदलत सोलापूर. पाठीवरच्या सॅक बघून कंडक्टर म्हणाला, "ट्रेकिंगला का?" विनेश म्हणाला, "बोलिव्हियाला." त्याने दोन तिकिटं फाडून हातात दिली.

१० एप्रिल, सोलापूर
विनेशला झोप नाही. उठतो, लॉजच्या गच्चीवर जातो, वारा कुठचा ते बघतो. लॉजवाल्याला चक्क विचारून बसला, भरती किती वाजता! मग स्वतःच ओशाळला. चेहरा पार उतरलाय.
आणि मी? लाज वाटते लिहायला. मी मेल्यासारखी झोपले. लग्न झाल्यापासून तो समुद्रावर असला की माझा एक कान वाऱ्याकडे. इथे तो शेजारी, समुद्र शंभर कोस लांब. वाऱ्याने काय करायचं ते करावं! सकाळी चहाची चवसुद्धा कळली. मला घरी जायचंच नाहीये. हे काय झालंय मला?

१२ एप्रिल
परत. खारा वारा लागला तसा विनेश एसटीत सीटवरून अर्धा उठला. झालं, होडी राहणार. मला आनंद व्हायला हवा. होतोय का?

२१ एप्रिल
"मला न्हाय जमायचं गो." एवढंच म्हणाला विनेश. मी बरं म्हटलं आणि वाटण वाटायला घेतलं. खोबरं वाटता वाटता रडले. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुला जायचंय का?"
हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

३१ मे
होडी वर ओढली. बोलिव्हियाचं तिकीट एकच आहे, माझं. सॅक भरून दारात ठेवलीय. लग्नानंतर मला शिकवलं तेच सासूबाई ओसरीवर विनेशला समजावतायत — "दारात बसून वाट न्हाय बघायची. हाताला काम ठेव. नि वारा उठला तरी तोंडातून वंगाळ काढायचं न्हाय."