तुझ्या नावचा नवस

प्रिय ठकूबाई,

त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, केर निघाला होता आणि मी तुझी वेणी घालत होते. तुझे बाबा बांधकामाच्या परांचीवरून पडले त्याला आठवा दिवस. इस्पितळात, अजून शुद्ध नाही. वेणी घालता घालता मी बोलून गेले, देवा, यांना उठव, ही पोर तुला दिली. तू नऊ वर्षांची. मान हलवली नाहीस. मला वाटलं, ऐकलं नसशील.

बाबा उठले. घरी आल्यावर त्यांना सांगितलं, तर म्हणाले, अगं, मला विचारायचंस तरी, अर्धी माझी आहे ती! हसले आणि कुशीवर वळले. पुढे अकरा वर्षं लाभले ते आपल्याला.

ते गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ओळीवर बोट ठेवून. सुरुवातीलाच लिहिलंय, बाई काय, पुरुष काय, दोघं देवाच्याच प्रतिरूपाची. बरं वाटलं. पुढे गेले तर नवसात वाहिलेलं माणूस सोडवायचे दर! पुरुषाला चांदीची पन्नास नाणी, बाईला तीस. पाच ते वीस वर्षांची मुलगी दहा, साठीपुढची म्हातारीही दहा. आणखी पुढे, बायकोचा नवस मोडायचा तर नवऱ्यानं ऐकल्या दिवशीच मोडावा. गप्प बसला तर तो पक्का. तुझे बाबा हसून गप्प बसले होते. पुढे त्यातल्याच एका सेनापतीनं तर जिंकून आल्यावर पोटची पोर नवसापायी बळी दिली. सोडवायचा दर त्यानं वाचला नसेल. मी तरी कुठे वाचला होता? आणि शेवटी येशू म्हणतो, शपथच वाहू नका. फादरना विचारलं, तर म्हणाले, आजी, एवढ्या खोलात कशाला शिरता? दमले गं मी त्या पुस्तकाशी भांडून.

परवा तुझ्या मठातून तुझं पत्र आलं. पुढच्या महिन्यात तू तिथे सिस्टर म्हणून कायमची शपथ घेणार, आणि खाली बारीक अक्षरात, बाबा उठले होते ना आई, मग शब्द पाळायलाच हवा. म्हणजे ऐकलं होतंस. पंधरा वर्षं पोटात ठेवलंस.

ठकू, तो शब्द माझा होता. मठ आवडत असेल तर सुखानं राहा, पण माझ्या बोलण्यापायी नको. मला एकसष्टावं लागलंय. त्या दरांत तेव्हाची तू आणि आजची मी सारख्याच, दहा-दहा नाण्यांच्या. म्हणून तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथल्या मठातल्या मोठ्या सिस्टरांकडे गेले, सगळं सांगितलं, आणि तुझ्या बदली त्यांच्या वृद्धाश्रमात भाजी चिरायला बसले.

तुझीच,
आई