गेरूच्या चार रेघा

भाईदास,

ही चिठ्ठी तुझ्या बायकोने, मंगलाने, सांगितली आणि मी, शाळेच्या मास्तरने, लिहिली. ती प्रकाशा गावी, माहेरी गेली आहे. तिचा भाऊ सुकलाल गाडी घेऊन आला होता.

पीठ मडक्यात आहे. शेळी शेजारी बांधली आहे.

आता भिंतीचे. विहीर बांधायला किती दिवस लागतील याचा अंदाज चुकतो, म्हणून तूच ही युक्ती काढलीस: सांगितलेल्या दिवसांच्या रेघा वर गेरूने, लागलेल्या दिवसांच्या खाली कोळशाने. पाच विहिरी झाल्या. पाचही वेळा कोळसा गेरूच्या पुढे गेला. मंगलाला अक्षर येत नाही, रेघा मोजता येतात.

धानोऱ्याची विहीर:

।।।।।।।।
।।।।।।।।।। ० ।।।

तेव्हाही तिचे दिवस भरले होते. अकराव्या रेघेवर तिने चुना फासला आहे; तिथे मी शून्य काढले. "पोरनं काही लिखू नका," म्हणाली.

या खेपेला तू चार दिवस सांगून गेलास. सुईणीने तिला पाच सांगितले आहेत. मी म्हणालो, तोवर येईल की तो.

"त्यासना चार दिन म्हंजे सात दिन, मास्तर. भीतवर दखा."

रडली नाही, रागावलीही नाही. तुझ्या चार रेघांखालची जागा मोकळी आहे. कोळशाने तूच भर.

निघताना, माहेराहून परत कधी येशील, असे तिला विचारून मी तिच्यापुढे गेरू धरला. तिने तो घेतला, बराच वेळ हातात ठेवला आणि एकही रेघ न ओढता कोनाड्यात ठेवून दिला.