पासवर्ड: प्रथमा विभक्ती

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ८.१०
माझ्या नावाने कोणीतरी दोनशे बारा लोकांना ईमेल पाठवला. ‘माझा नविन लेख वाचून आशिर्वाद द्यावा’, खाली लिंक. अकाउंट हॅक झाले हे एक वेळ सोसतो. पण हे शुद्धलेखन माझे नसावे, अशी शंका एकालाही येऊ नये? सत्तावीस वर्षे वार्ताहर आहे. संपादकांनी तर आशीर्वाद पाठवलेसुद्धा.

९.३०
कन्या सान्वी म्हणाली, बाबा, लेखाचं सोडा, आजीचा कॅमेरा त्याच ईमेलवर आहे ना? आई डोंबिवलीत एकटी असते, वय ब्याऐंशी. पडली तर कळावे म्हणून तिच्या खोलीत कॅमेरा मीच लावला. त्यातून बोलताही येते. कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळा आहे. काळजीचे कारण नाही.

मंगळवार, ४ मार्च
पासवर्ड ऐकून सान्वी हसली. ईमेलला देवः, कॅमेऱ्याला देवौ, मोबाइलला देवाः. रोमन लिपीत, नाइलाजाने. म्हणे, आठवीत स्कोरिंग म्हणून संस्कृत घेतलेलं कुठलंही पोर पहिल्यावरून दुसरा सांगेल. मी म्हटले, संस्कृत घेतले असते तर त्याने ‘आशीर्वाद’ दीर्घ लिहिला असता. ती जेवायला गेली.

बुधवार, ५ मार्च
पासवर्ड बदलणार नाही. चोराच्या भीतीने माणूस आडनाव बदलत नाही.

गुरुवार, ६ मार्च
बदलायला घेतला. सान्वीच्या आग्रहाने नव्हे, स्वेच्छेने. थेट चतुर्थी, देवाय. द्वितीया कोणीही ओळखेल. पण मंजुरीचा कोड ईमेलवर जातो, आणि ईमेल त्या गृहस्थाकडे. चार प्रयत्नांनंतर कॅमेरा मलाच उघडेना. म्हणजे आता कोणालाच उघडणार नाही. उत्तम.

शुक्रवार, ७ मार्च
सान्वीचे टुमणे: आजीला प्लग काढायला सांगा. म्हातारीला उगाच घाबरवायचे नाही. रविवारी जाणारच आहे. तोवर एका अशुद्ध माणसापुढे मी हलणार नाही.

शनिवार, ८ मार्च. सायं. ५.४०
आईचा फोन. खुशीत होती. म्हणाली, अरे, दुपारी कॅमेऱ्यातून बोललास ते बरं वाटलं, एरवी नुसता बघत असतोस. जेवलीस का विचारलंस, दुपारी सोबतीला कोण असतं तेही विचारलंस. कोणी नसतं म्हटलं, तर बरं म्हणालास. आवाज बसलाय तुझा, मध घे.
घेतो म्हटले. प्लग काढ, शेजारच्या हौसाबाईंना बोलावून घे, मी येईपर्यंत दार उघडू नकोस, म्हटले. का, म्हणाली. आल्यावर सांगतो म्हटले आणि निघालो.

६.३५
डोंबिवलीच्या वाटेवर, ठाण्यात माजिवड्याला रिक्षा अडकली आहे. वही गुडघ्यावर.
दुपारी मी बोललो नव्हतो. जेवलीस का, हे तिला मी कित्येक महिन्यांत विचारलेले नाही. ज्याने विचारले तो कोण, ते मला माहीत नाही. ती एकटी असते हे आता त्याला माहीत आहे. मला भीती वाटते आहे.