गॅलरीत उभं राहायची पाळी

बेहाला, कोलकाता
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

चि. कादंबरी,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या शिलाँगच्या थंडीला माझी ताकीद, की माझ्या लेकीला फार छळू नकोस. दर रविवारी फोनवर बोलतो, मग आईला पत्राची काय हुक्की आली, असं वाटेल तुला. काही गोष्टी फोनवर माझ्याच्याने होत नाहीत. तू मराठी सावकाश वाचतेस. तसंच वाच, घाई नाही.

इकडे सगळं ठीक. बाजारात खजुरीच्या रसाचा नवा नलेन गूळ आलाय. बाबा साखर वाढलेली असताना चोरून खातात आणि वर मलाच विचारतात, डबा एवढा हलका कसा झाला! माझे गुडघे आहेत तसेच.

परवा रविवारी न्यू टाउनला निर्मलाताईंच्या सोसायटीत आपल्या मराठी मंडळींचा सिनेमा होता. या वेळी निवड त्यांच्या शौनकची. "आयर्लंडची रहस्यकथा आहे," एवढंच म्हणाला. आम्हाला वाटलं, खून, पोलीस, पळापळ. कसलं काय! समुद्राकाठचं एक गाव, सतत भुरभुर पाऊस, आणि एक म्हातारा रोज दार उघडून उभा. त्याचा मुलगा नाहीसा झालाय आणि अख्ख्या गावाला संशय, की बापानेच त्याचं काहीतरी केलं. घरात एक मुलगी. ती किटली ठेवते, खिडकीशी जाते, परत किटली ठेवते. अर्ध्या तासाने अनिलकाका ओरडले, "अरे, पुढे ढकला की जरा!" तुझे बाबा हाताची घडी घालून, डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, लागली यांची समाधी.

तुला आठवतं ना, सिनेमा संपला की प्रत्येकाने दोन ओळींची चिठ्ठी लिहून साबुदाण्याच्या डब्यात टाकायची? एका सिनेमावरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद झालं, तेव्हापासून चिठ्ठीवर नावही घालत नाहीत. वाचायचं काम माझं, कारण माइक लागत नाही. या वेळी हसून हसून पुरेवाट झाली. "खून झाला का नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वडे मात्र खुसखुशीत." "त्या बाईने सात वेळा किटली ठेवली, एकदाही चहा प्यायली नाही. कारण कळवावे." "मी झोपलो नव्हतो, विचार करत होतो." हे कुणाचं, ते अनिलकाकांच्या घोरण्यावरून सगळ्यांनाच कळलं होतं. सुलभावहिनी उठून म्हणाल्या, "अहो, पण त्या पोरीला सगळं ठाऊक होतं! भाऊ पहाटे होडीने गेला, ते तिने पाहिलं होतं. मग बापाला सांगितलं का नाही मेलीने?"

उत्तर मला सुचलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पुढची चिठ्ठी उघडली आणि अक्षर ओळखीचं निघालं, तुझ्या बाबांचं. चाळीस वर्षं बँकेत घोटलेलं, उजवीकडे झुकलेलं. "मला सिनेमा संथ वाटला नाही. फोनची वाट पाहणाऱ्याचे दिवस असेच जातात. माझी तीन वर्षं गेली."

मी ती वाचली नाही. "ही कोरीच आहे," म्हणाले आणि पर्समध्ये कोंबली. मान वर केली तर बाबा माझ्याकडेच बघत होते.

जित्याची खोड म्हणतात ती हीच, कादंबरी. त्यांचा कागद मी दुसऱ्यांदा लपवला होता.

आता पहिल्यांदाचं सांगते. तू इथली नोकरी सोडून कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत जायचं म्हणालीस, तेव्हा बाबा नको ते बोलले. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस" हे तू विसरली नसशील. पण तू गेल्यावर आठच दिवसांनी त्यांनी तुला पत्र लिहिलं. तुला वाचायला जड जाऊ नये म्हणून मोठ्या अक्षरात, एकेक ओळ सोडून. "टाकून ये," म्हणाले. मी वाटेत फोडलं. लिहिलं होतं, मी चुकलो, त्या मुलांना शिकव, मी तुझ्या पाठीशी आहे. आणि शेवटी, हे वाचून मला फोन कर. नाही केलास तर तुला अजून बोलायचं नाही असं समजेन आणि मागे लागणार नाही.

मी ते टाकलं नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "टाकलंस ना?" मी हो म्हणाले.

का? मला वाटलं, बापाने राजीखुशीने परवानगी दिली तर पोरगी तिकडचीच होईल. राग राहिला तर सहा महिन्यांत कंटाळून माझ्याकडे येईल. सहाचे बारा झाले, तू आली नाहीस, आणि मग सांगायची हिंमतच राहिली नाही. तुझा फोन आला की बाबा उठून गॅलरीत जातात. तू विचारतेस, "बाबा अजून रागावलेत का गं?" आणि मी भाजीचे भाव सांगत बसते. राग नव्हता गं. तुला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून जात होते. फार वाईट वागले मी, तुम्हा दोघांशीही.

काल सकाळी ते मटार सोलत होते, तेव्हा त्यांच्यापुढे दोन्ही कागद ठेवले आणि सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण सगळे मटार सोलून झाले, सालं गोळा केली, हात धुतले आणि मग म्हणाले, "तिचा पत्ता तोच आहे का?" तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. माझं मला भोगलं पाहिजे.

सोबत त्यांचं पत्र आहे. घडीवर पिवळं पडलंय, पण अक्षर न् अक्षर लागतं. हे पाकीट टाकायला मी जाणार नाही. ते स्वतः जाणार आहेत, चपला घालून दाराशी उभेही आहेत.

माझ्यावर रागाव, हवं तितके दिवस बोलू नकोस. पण त्यांना फोन कर. या वेळी गॅलरीत मी जाईन.

तुझी, आणि तुझी अपराधी,
आई