अच्युतदादांसाठी राखलेली खुर्ची

तात्यापारा, रायपूर
दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप अच्युतदादांच्या चरणी धाकट्या गुलाबचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग हल्ली कागदावरच घालतो, गोड मानून घ्यावा.) तुमची साखर, विजयावहिनींची कंबर आणि नागपूरची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी बरा आहे, तुमची भावजय प्रमोदिनी बरी आहे. तुमची पुतणी सोनियाही तशी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते, फक्त तिचा आवाज गेला आहे. म्हणजे आवाज आहे, पण तिचा नाही. तेच सविस्तर सांगायला बसलो आहे. फोनच केला असता, पण तुम्ही अर्ध्यात फोन ठेवता हा अनुभव आहे.

आधी आनंदाची बातमी. सोनियाला पुरस्कार मिळाला. आपलं राज्य नवं, राजधानी नवी, त्यामुळे इथे सध्या ज्याला त्याला पुरस्कार देण्याची लाट आली आहे. पाट्या रंगवणाऱ्याला मिळाला, उत्कृष्ट सायकल स्टँडला मिळाला, मग गाण्याबजावण्याच्या धंद्यातल्या लोकांनीही आपला एक सोहळा काढला. भजन, लोकगीत, गझल वगैरे झाल्यावर यादीच्या तळाशी 'सर्वोत्कृष्ट हेवी मेटल सादरीकरण' असा एक प्रकार होता. भनपुरीच्या एका सळईवाल्या शेठने नुसतं नाव ऐकून त्याचा खर्च उचलला म्हणतात. आता हेवी मेटल म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू? गिटार विजेवर चालते, ढोल दोन्ही पायांनी बडवतात आणि गाणारा माणूस गात नाही, गुरगुरतो. सोनियाच्या चमूचं नाव 'राखड', म्हणजे आपली राख. तिच्यासोबत गिटारवाला अभिनव आणि ढोलवाला यशदीप, दोघेही केस वाढवलेले पण घरी आले की वाकून पाया पडणारे. तात्यापाऱ्यातल्या लोकांनी हात जोडले म्हणून बिचारे भनपुरीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या रिकाम्या गोदामात सराव करायचे. तिथेच त्यांनी स्पर्धेसाठी गाणं टेप केलं.

ती टेप पोरांनी दुपारी घरी आणून लावली. प्रमोदिनी भाकरी थापत होती. गाणं सुरू व्हायच्या आधी टेपमधून कोणीतरी घसा खाकरला. आधी लांबलचक, मग आखूड, मग नाकातून एक 'हं'. दादा, प्रमोदिनीच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने नाना गेल्यापासून खुंटीवर टांगलेल्या त्यांच्या काळ्या टोपीकडे पाहिलं. आपल्या वडिलांची, नानांची, गाण्याआधीची ती खाकरणी सबंध रायपुरात दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. मग ढोल, मग गिटार, मग सोनियाची गुरगुर, आणि तिच्या खालून, गोदामाच्या फरशीतून यावा तसा, लोखंडी ट्रंक ओढल्यासारखा दुसरा आवाज. पोट्टी म्हणाली, "पापा, यहाँ तो मैं पानी पी रही थी." अभिनवने दबक्या आवाजात विचारलं, "अंकल, ये कौन सी भाषा है?" मी म्हटलं, पुरानी. दुसरं काय सांगणार? चार ओळींमागे एकदा येत होतं ते स्वच्छ वऱ्हाडी होतं: "अच्युत्या, बस खाली!"

तुम्हाला आता घाम फुटला असेल तर पुसून घ्या, पण आठवा. नाना रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते तरी स्वतःला गवई समजत. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी गात, दर वर्षी उत्तेजनार्थ बक्षिसाची स्टीलची वाटी घरी येई. (अजून डाळ त्या वाट्यांतच वाढतो.) लोक भिऊन का होईना बसून ऐकायचे. उठायचात फक्त तुम्ही. पहिली तान निघाली की थोरला मुलगा पुढच्या रांगेतून उठून चहाला चालला, हे सगळ्या मंडळाने पाहिलेलं आहे. नाना डोळे मिटून गात आणि उघडत तेव्हा समोर रिकामी खुर्ची. मग तान अर्धी सोडून भर सभेत ओरडत, "अच्युत्या, बस खाली!" आणि तुम्ही तोवर कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहोचलेले असायचात. गमतीचं होतं, आपण सगळेच हसायचो. नाना मात्र घरी येऊन तुमच्याकडे पाठ करून जेवायचे.

आणि महादेवघाट आठवा. नाना गेले ते राज्य झालं त्याच वर्षी. दहाव्याला पिंड ठेवला, झाडावर कावळेच कावळे, पण एकही खाली उतरेना. मी म्हटलं, नाना, घराची गळती काढतो. कावळा ढिम्म. प्रमोदिनी म्हणाली, सोनियाचं शिक्षण पुरं करू. कावळ्याने पाठ फिरवली. गुरुजी घड्याळ बघायला लागले, तुमची गाडी गाठायची घाई, तेव्हा तुम्ही पुढे होऊन हात जोडले आणि म्हणालात, नाना, पुढच्या वेळेला तुमचं गाणं शेवटपर्यंत बसून ऐकीन. शब्द तोंडातून सुटायचा अवकाश, कावळा पिंडावर! तुम्ही माझ्याकडे बघून हळूच हसलात, कारण पुढची वेळ कसली येते? मलाही तेव्हा वचन स्वस्तात पडलं असंच वाटलं होतं. पण पिंडाला शिवलेल्या कावळ्यापुढे दिलेला शब्द, दादा, तो ज्याने दिला त्यानेच फेडायचा असतो. तो मी तुमच्या वतीने फेडू शकत नाही, नाहीतर फेडून टाकला असता.

तर सोहळा. मैदानात मांडव, पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, मागे सगळ्या कॉलेजांची पोरं काळे बनियन घालून उभी. मला पुढच्या रांगेत बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. एक तालेवार बाई बसायला आल्या, तर व्यवस्थेवरच्या मिशीवाल्या गृहस्थाने त्यांना हात जोडून मागे पाठवलं. मी म्हटलं, भैया, ही कोणाची? तो म्हणाला, "एक बुजुर्ग बोल के गए, बड़ा बेटा आएगा, रखना. काली टोपी थी, नसवार सूँघ रहे थे." एवढं सांगून तो पाण्याची व्यवस्था बघायला निघून गेला. मांडवात इतका उकाडा, पण त्या खुर्चीच्या बाजूचा माझा दंड गार पडला होता आणि नानांच्या तपकिरीचा वास येत होता. मी सबंध वेळ त्या बाजूला मान वळवली नाही.

सोनिया उभी राहिली. पहिलं कडवं तिने गायलं, छान गुरगुरली, मला अभिमान वाटला. मग तिने तोंड मिटलं. मी समोर बसलो होतो, दादा, तिचे ओठ मिटलेले मी या डोळ्यांनी पाहिले. आणि कर्ण्यांतून आवाज आला: "अच्युत्या, बस खाली!" उड्या मारणारी सगळी पोरं मटकन खाली बसली. दुसऱ्या कार्यक्रमाला जायला उठलेले मंत्री बसले. त्यांचे अंगरक्षक बसले. मांडवाबाहेरचा भेळवालासुद्धा गाडीखाली बसला. पुढे गाणं संपेपर्यंत एक माणूस हलला नाही, एक मूल रडलं नाही, आणि शेवटच्या ठोक्यानंतर कोणाला टाळी वाजवायचंही सुचलं नाही. परीक्षक म्हणाले की श्रोत्यांवर असा ताबा त्यांनी आजवर पाहिलेला नाही, आणि पुरस्कार तिथल्या तिथे जाहीर केला. सोनियाने तो घेतला, ध्वनिवर्धकापुढे आली, आभार मानायला तोंड उघडलं आणि घसा खाकरला. आधी लांबलचक, मग आखूड, मग 'हं'.

असो. आनंदाची बातमी कळवावी म्हणून पत्र लिहिलं. ट्रॉफी चांगली जड आहे, खाली लोखंड आहे. वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जपावे.

तुमचा धाकटा,
गुलाब

ता. क. खरं ते लिहितो. त्या दिवसापासून पोरीच्या घशातून नानाच बोलतात. सकाळी चहा दिला तर, "साखर काहून कमी टाकली?" मी, साठीला आलेला माणूस, उभा राहून सॉरी म्हणतो. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, म्हणाले घसा स्वच्छ आहे, आणि आतून कोणीतरी त्यांना म्हणालं, "बत्ती बाजूले घ्या." त्यांनी फी घेतली नाही. हसू येतं, दादा, पण काल ती मोरीत रडत होती आणि रडण्याचा आवाजही म्हाताऱ्या माणसाचा येत होता, तेव्हा प्रमोदिनी दाराला डोकं टेकून उभी राहिली. पोरीने पाटीवर लिहून दाखवलं, बड़े पापा को बुला दो, म्हणजे तुम्हालाच. मला फार भीती वाटते आहे. तुम्ही मिळेल त्या गाडीने या. समोर खुर्ची टाकून बसा, गाणं शेवटपर्यंत ऐका, मध्ये चहा मागू नका. माझ्यासाठी नको, पोरीसाठी या.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायला घेतलं होतं, तेवढ्यात आतून हाक आली, "पापा, चाय मिलेगी?" सोनियाची! तिची स्वतःची, बारीक, जराशी फाटकी हाक! मी तिथेच पायरीवर बसून रडलो, प्रमोदिनीने भर दुपारी देवापुढे दिवा लावला. पोरगी आता मोरीत काहीतरी भलतंच गुरगुरते आहे आणि आम्ही दोघं दाराबाहेर उभं राहून ऐकतो आहोत. तेव्हा तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका, त्याची आता गरज नाही. सोनिया म्हणते, तिच्या घशातून निघताना आजोबांनी एवढंच विचारलं की नागपूरची गाडी कोणत्या फलाटावर लागते. खुंटीवर टोपी नाही. कोनाड्यातली तपकिरीची डबीही दिसत नाही. टपालाआधी ते पोहोचतील, कारण जन्मभर रेल्वेत होते. म्हणून शेवटचं सांगतो. तुम्हाला उभ्या उभ्या पत्र वाचायची सवय आहे. आता तसेच उभे असाल तर, दादा, खाली बसा.